तेल लावून चढवलेली नळी

त्या वर्षी बोंडअळी फार होती. आठ दिवसांआड फवारणी चालायची आणि कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली. फवारा वर मारला की अर्धा तोंडावरच यायचा. तसाच तो आमच्या ह्यांच्या डोळ्यांत गेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि सांगितलं, तिसऱ्या दिवशी आणा, तोवर उघडायची नाही. नजर किती राहिली ते पट्टी काढल्यावरच कळणार होतं.

पहिल्या दिवशी त्यांना एसटीनं नेलं होतं. धुळीनं आणि धक्क्यांनी फार हाल झाले. दारात आमची जुनी पेट्रोलची व्हॅन उभी होती, हे तिच्यातून गावची माणसं आर्णीला पोचवत. पण तिला पंधरा दिवसांपासून पेट्रोलचा वास येत होता आणि ती मध्येच बंद पडायची. पेट्रोलच्या नव्या नळ्या आणून ह्यांनी खुंटीला अडकवल्या होत्या, तेवढ्यात हे झालं. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, शेजारीच राहत. गाडी न्यायला ते तयार होते. "पण मले हाकताच येते," म्हणाले, "तिच्या पोटात हात घालता येत नाही."

पट्टी काढायला जायच्या आदल्या दुपारी हे खाटेवरून मला म्हणाले, "तू कर. मी सांगतो."

खाट गाडीजवळ ओढली. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. सीट उचलली, आधी बॅटरीची तार काढली. मग तारांचे जोड. त्यांच्यावर हिरवा गंज चढला होता.

"एका वेळी एकच सोड. दोन सोडशीन त चुकशीन. कोणत्या रंगाची तार हाये?"

"हळदीवाणी."

"पिवळी म्हण ना मंग."

"पिवळी नाही. मळक्या हळदीवाणी."

हे हसले. पट्टी बांधल्यापासून पहिल्यांदा. एकेक जोड सोडून मी पॉलिश पेपरनं घासला, कोरड्या फडक्यानं पुसला, परत बसवला. जुन्या नळ्या वाकवल्या की टाचेसारख्या भेगा उघडायच्या. त्यांच्या मापानं नव्या कापल्या. दोन चढल्या. तिसरी काही केल्या चढेना. बोटं सोलून निघाली. हे तेवढ्यात डुलकी घेत होते. बांगडी घट्ट असली की कासारीण हाताला तेल लावते, ते आठवलं. घरातून बोटभर तेल आणून लावलं, नळी लगेच सरकली. वरून क्लिप आवळली.

"बसली?" हे जागे होऊन म्हणाले.

"बसली."

कशी बसली ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भासऱ्यांनी येऊन गाडी चालू करून पाहिली, पहिल्या झटक्यात लागली.

सकाळी हे मागच्या सीटवर बसले. भासऱ्यांनी गाडी चालू केली. मी पदर पुढं ओढून दाराआड उभी होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, भासऱ्यांशी मी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात बोलत नाहीत. तेही मी दिसले की तोंड फिरवत.

"नळ्या चढवाले जीव निंगते, बाप्पा," भासरे इंजिनाच्या आवाजावरून मोठ्यानं सांगत होते. "म्या एकडाव पाण्याच्या इंजिनाची नळी तेल लावून चढवली. गरम झाली अन् गेली सटकून. सारं पेटलं असतं."

"तेल लावतच नसतेत," हे म्हणाले.

"तुह्या मेकॅनिकले मालूम हाये ना थे?"

दोघं हसले. गिअर पडल्याचा आवाज आला तशी मी अनवाणीच धावले आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिले.

भासऱ्यांनी मान वळवली आणि मागं पाहून भावाला म्हणाले, "तुही बायको आडवी उभी हाये. काहून, थे इचार."

"काहून व?" ह्यांनी भलतीकडेच तोंड करून विचारलं.

एकाला दिसत नव्हतं, एक बघत नव्हते, आणि मी बोलत नव्हते. इंजिन तापत होतं.

"तुमी उतरा," मी भासऱ्यांना म्हणाले. "नळीले म्या तेल लावलं हाये."

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, उतरले आणि अंगणातल्या कडुलिंबाकडे तोंड करून उभे राहिले. मी सीट उचलली. नळी नखभर मागं सरकली होती. ह्यांनी विचारून विचारून सांगितलं तसं केलं. नळीचं तेल लागलेलं टोक कापून टाकलं, ती चढते तो पाइप पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडा केला आणि नळी तशीच कोरडी दाबली. तळहाताचं कातडं गेलं, पण चढली. क्लिप आवळली.

"आता बसू काय?" भासऱ्यांनी लिंबाला विचारलं.

मी मान हलवली. मग कळलं, ती कोणालाच दिसणार नाही.

"बसा."

गाडी गेली. त्या दिवशी मी वावरात गेले नाही. भाकरी थापली, खाल्ली नाही. अंगण दोनदा झाडलं. रस्त्यावर मोटारसायकल वाजली तरी मी बाहेर यायचे. कोणी पळत येऊन काही सांगेल असं वाटायचं, आणि कोणी आलं नाही की तेही बरं वाटायचं नाही.

चारच्या सुमाराला गाडी आली. भासरे सरळ आपल्या घरी गेले. हे उतरले. एका डोळ्यावर पट्टी तशीच, दुसऱ्यावरची काढलेली, काळा चष्मा.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

हे चाचपडत पुढच्या दाराशी गेले, सीट उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत वाकले. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. किती वेळ तसेच वाकून होते.

"क्लिप उलटी लावली तू," हे म्हणाले. "स्क्रूचं तोंड आतल्या बाजूनं हाये. काढाले तरास होईन."

मी तिथंच ओट्यावर बसले.