तात्यांच्या सॅक्सोफोनचं रीमिक्स

बारामतीच्या शाळेत मी शिकवायचे तेव्हा गॅदरिंगचा नाच दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचा. त्या वर्षी मला सिनेमातलं गाणं नको होतं. पिंपळीला आमच्या घरी माझे चुलतसासरे राहायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. तरुणपणी ते पुण्यात एका हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. त्या दिवसांची त्यांच्याकडे एकच कॅसेट उरली होती. परदेशी नाचाचा तुकडा, पण घाई कसली नाही. मध्येच सॅक्सोफोन थांबायचा आणि नुसती बास गिटार चालत राहायची, पोट भरलेल्या म्हशीसारखी डुलत. ती जागा मला फार आवडायची.

“पोरींसाठी जरा ठेका वाढवून आणते,” मी म्हटलं. तात्यांनी कॅसेट दिली.

ती मी स्टँडजवळच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे दिली. दोन दिवसांनी त्यानं मला ऐकवलं, तेव्हा मी कानांवर हातच ठेवले. खाली मशीनचा धाडधाड ठेका. वेग इतका वाढवलेला, की सॅक्सोफोन पिपाणीसारखा किरकिरत होता. आणि बास गिटारच्या त्या जागेवर कुत्रं भुंकत होतं. त्यामागून कुणी बाई खिदळत होती.

“हे काय केलंत?”

“रीमिक्स, मॅडम. ती जागा रिकामी होती. पब्लिक खाली बसलं असतं.”

गॅदरिंग परवावर आलं होतं. दुसरं काही बसवायला वेळ नव्हता, म्हणून ती घाण मी तशीच उचलली. पोरी मात्र खूश. कुत्रं भुंकलं की कमरेला झटका द्यायचा, हे त्यांनी आपणच ठरवलं.

कार्यक्रम दुपारचा होता. तात्या इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसलेले. भुंकणं सुरू झालं तशा मागून शिट्ट्या आल्या, दोघंतिघं पालक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. मला तात्यांकडे बघवेना. संपल्यावर त्यांच्याजवळ गेले.

“तात्या, चुकलं माझं.”

“काय चुकलं? लोकं नाचली न्हवं?” त्यांचे डोळे चमकत होते. “हॉटेलात सात वर्सं वाजवलं, सूनबाई. लोकं पाठ फिरवून कोंबडी खायची. येक माणूस कधी उठला न्हाय.”

“पण ते कुत्रं!”

“कुत्र्याचं टायमिंग बरं हाय.”

त्या क्षणी मला रेकॉर्डिंगवाल्यापेक्षा तात्यांचीच जास्त किळस आली. मग ती आल्याची लाज वाटली, पण किळस काही गेली नाही.

नव्या कॅसेटची एक प्रत त्यांनी स्वतःसाठी करून घेतली. रोज चहाच्या वेळी ओसरीवर लावायचे. मी परसात निघून जायचे. जुनी त्यांनी मलाच देऊन टाकली. “ठेव तुला. लई संथ वाटती आता.”

पुढं उन्हाळ्यात इंदापूरला एका लग्नाला गेलो, तर भर दुपारी वरातीच्या गाडीवर तेच लागलेलं. कुठून कुठं पोचलं होतं कुणास ठाऊक. तात्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला हलवलं. “ह्यो सॅक्सोफोन माझा हाय!” त्याला काही ऐकू गेलं नाही. तात्या हात वर करून सरळ गर्दीत घुसले. मी हायवेच्या कडेला एका ट्रकच्या सावलीत उभी राहिले आणि वरात पुढं जाईपर्यंत तिथून हलले नाही.