काशाची सीट

जगात पुढच्या सीटवर कोणी बसावं, या प्रश्नावर माझ्या सासऱ्यांइतका खोल विचार आजवर कोणी केलेला नाही आणि यापुढे कोणी करील असंही मला वाटत नाही. परवा माझा मुलगा सांगत होता, की विमानाने नेहमी जाणाऱ्या माणसाला कंपन्या कधीकधी फुकटात पुढच्या ऐसपैस खुर्चीवर नेऊन बसवतात. कोण किती वेळा गेलं, किती लांब गेलं, बरोबर बायको आहे की नाही, हे सगळं पाहतात, मग एकाला अदबीने पुढे बोलावतात आणि बाकीचे गुडघे पोटाशी घेऊन मागे बसतात. असल्या युक्त्या साहेबाच्या देशातच सुचतात, असंही तो वर म्हणाला. मला हसू आवरेना. कंपन्यांच्या या युक्तीचं बारसंसुद्धा झालं नव्हतं, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याला त्याचे आजोबा हा सगळा कारभार एकट्याने, बिनपगारी आणि कोणी सांगितलेलं नसताना चालवत होते.

मामाजींचं (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात) कोंढ्यात भांड्यांचं दुकान होतं. नवा माल आणायला आणि लोकांनी मोडीत दिलेली भांडी पोचवायला ते आठवड्यातून तीनदा भंडाऱ्याला जात. सत्तर सालानंतरची दहा-पंधरा वर्षं तरी हा क्रम चुकलेला मी पाहिला नाही. कोंढ्याला एक मुक्कामी एसटी असे. रात्री ती देवळाजवळ झोपायची आणि सकाळी साडेसहाला भंडाऱ्याला निघायची. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या पेटीला लागून दोन माणसांची एक सीट होती. समोर भली मोठी काच, पायांना हवी तेवढी जागा आणि हिवाळ्यात इंजिनाची फुकटची ऊब. उलट मागच्या चाकावरच्या बाकावर माणूस बसायचा कमी आणि उडायचाच जास्त. पुढच्या दोन जागांपैकी एक मामाजींची, याबद्दल गावात दुमत नव्हतं. दुसरी कोणाला द्यायची, हे दर फेरीच्या सकाळी मामाजी ठरवत. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत साऱ्या महाराष्ट्रात चालते, पण कोंढ्याच्या गाडीत पडलेला रुमाल मामाजी दोन बोटांत धरून मालकाला परत करीत आणि म्हणत, "नाक पुसाले ठेवा, बाप्पा."

जागा मिळायची ती तिकिटांवर. मामाजी आपलं एकही तिकीट फेकत नसत. दुकानात खिळ्याला टांगलेल्या तारेत ते ओवून ठेवत आणि त्यांचं पाहून गावातल्या पंधरा-वीस घरांत तशा तारा लटकू लागल्या. तार वीतभर भरेपर्यंत प्रवासी जर्मनचा. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या हलक्या भांड्याला जर्मन म्हणतात, चेपायला सोपं आणि किमतीला कमी. हातभर भरली की पितळेचा. त्याच्याही वर गेली की माणूस काशाचा होई आणि मग पुढची जागा रिकामी असेल तेव्हा मामाजी त्याला सगळ्यांदेखत हाक मारीत, "या जी, समोर या." ही हाक ऐकण्यासाठी माणसं काम नसताना भंडाऱ्याला जाऊन येत. एक शिंपी तर नुसती सुई आणायला गेला होता. काशाचे दोघे असले तर लांब जाणारा आधी. वाटेत अड्याळला उतरणारा काशाचा आणि भंडाऱ्यापर्यंत जाणारा पितळेचा असेल तर काशाचा अड्याळपर्यंत पुढे बसे आणि तिथून पुढे पितळेवाल्याचं नशीब उघडे. काशाच्या माणसाची बायको नवऱ्याबरोबर असेल तरच काशाची, एकटी असली की जर्मन. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे जो स्वतः तोंडाने जागा मागेल, त्याला त्या दिवशी ती मिळणार नाही.

या नियमांचा पहिला फटका मला लग्नानंतर चौथ्या दिवशी बसला. मी भंडाऱ्याच्या शाळेत मास्तर, नवा कोट, हातात सासरचं घड्याळ, बाजूला नवी बायको. आदल्या संध्याकाळी चांदीच्या ताटात जेवलो होतो. सकाळी ऐटीत पुढच्या सीटकडे पाऊल टाकलं, तर मामाजींनी माझ्या कोटाची बाही अलगद धरली. "जवाईबापू," ते अगदी मायेने म्हणाले, "घरी तुमी चांदीचे. पन गाडीत जर्मन. दोन तिकिटं झाले तुमचे आतापर्यंत." आम्ही मागच्या चाकावर बसलो. अड्याळ येईपर्यंत माझ्या कोटाची दोन बटणं तुटली आणि बायको इतकी हसत होती, की तिला आपल्या बापाचा अभिमान वाटतोय की माझी दया येतेय, ते मला भंडाऱ्यापर्यंत कळलं नाही.

मोठा पेच पडला तो दोन भाऊबंदांचा. धानाच्या एका बांधीवरून, म्हणजे शेताच्या तुकड्यावरून, दोघांचा भंडाऱ्याच्या कोर्टात दावा चालू होता. तारीख एकच, त्यामुळे दोघं एकाच गाडीने जात आणि एकाच गाडीने येत. साहजिकच दोघांच्या तारा कायम सारख्याच भरत, दोघं एकाच दिवशी पितळेचे झाले, एकाच दिवशी काशाचे झाले आणि उतरायचेही एकाच जागी. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. शेवटी त्यांनी तोडगा काढला. स्वतः उठून कंडक्टरजवळ उभे राहिले आणि दोघांना पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसवलं. पहिल्या तारखेला दोघं तोंडं फिरवून बसले. दुसऱ्या तारखेला एकाने दुसऱ्याला तंबाखू दिली. तिसऱ्या तारखेला वाटेतल्या पहेला गावाच्या आसपास बांधीचा धुरा, म्हणजे बांध, कुठून जातो ते त्यांनी समोरच्या काचेवरच्या धुळीत बोटाने काढलं आणि दावा मिटला. सारं गाव आनंदलं. मामाजी तेवढे उदास दिसले. "चांगलं झालं," ते मला म्हणाले, "पन दोन पक्के काशाचे मानसं गेले ना जी हातचे."

लबाडीही झालीच. एका महाभागाने भंडाऱ्याच्या स्टँडवर लोकांनी टाकलेली तिकिटं वेचून तार गच्च भरली आणि ती हार मिरवावा तशी मिरवत गाडीत चढला. मामाजींनी तार हातात घेतली, चष्मा वर केला आणि एकेक तिकीट सरकवू लागले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. निम्म्याहून जास्त तिकिटं अर्धी निघाली. "भाऊ," मामाजी म्हणाले, "तुमची उमर चाळीस. हे लेकराचे तिकिटं तुमी कवा काढले?" त्याला पुढे वर्षभर गावात अर्धा जर्मन म्हणत. एकदा जीप बिघडली म्हणून गावचे पाटील गाडीत आले आणि उभ्याउभ्याच गरजले, "शेटजी, सरका, मले बसू द्या." मामाजींनी हात जोडले. "पाटील, तुमी मांगतलं. न मांगता बसले असते तं मी काय करनार होतो?" पाटील भंडाऱ्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले. याचा मामाजींना पुढे ग्रामपंचायतीत त्रास झाला, पण नियम मोडला नाही याच्या समाधानात त्यांनी तो सोसला.

आता मामीजींबद्दल. माझ्या सासूबाई लग्न होऊन कोंढ्याला आल्या, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती आणि तेवढ्या वर्षांत त्या एसटीत उण्यापुऱ्या चार वेळा बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचं धूसर तेवढं दिसे; माणूस आवाजावरून आणि तांदूळ हातावरून ओळखायच्या. भंडाऱ्याला एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना न्यायला मी आदल्या दिवशी कोंढ्याला गेलो. त्या काळी या ऑपरेशनचं नाव काढलं की घरातली माणसं गप्प होत. कोणाला दिसायला लागलं याच्यापेक्षा कोणाचं होतं तेवढंही गेलं, याच गोष्टी जास्त सांगितल्या जात. सकाळी गाडीत चढल्यावर मामीजी पुढच्या सीटपाशी थांबल्या. मामाजींच्या शेजारची जागा रिकामी होती. त्या हळूच म्हणाल्या, "अवो, आज मी इथी बसू का? या समोरच्या काचेतून मोठं दिसत असन. डॉक्टरच्या हातून काय होते, काय नाही, कोनाले मालूम. एकदा रस्ता पाहून घेते म्हनते."

सारी गाडी मामाजींकडे पाहू लागली. तीन तिकिटांनी काशाला कमी पडणारा पोस्टमनसुद्धा मान हलवून "बसू द्या" अशा खुणा करत होता. मामाजी मनात हिशेब करू लागले. बाई काशाच्या नवऱ्याबरोबर आहे, म्हणजे हक्क आहे. पण तिने तोंडाने मागितलं. इतक्या वर्षांत पाटलाला दिली नाही, जावयाला दिली नाही, ती मागणाऱ्या बायकोला दिली तर उद्या कोण ऐकेल? ते खिडकीबाहेर पाहत पुटपुटले, "मांगाले नोको होतं तुनं." मामीजींनी सीटवरचा हात काढून घेतला. मग "मी तं विसरलीच बाप्पा तुमचा कायदा," असं म्हणून हसल्या आणि माझा हात धरून मागे चालू लागल्या. मला मामाजींचा त्या वेळी इतका राग आला, की सासरे नसते तर मी काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मागच्या चाकावर बसल्या त्या मामीजी होत्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मोहाचे लाडू वाटायला सुरुवात केली. गाडी उडाली की लाडू उडायचा आणि तो झेलण्यावरून हशा व्हायचा. आवाजावरून त्या एकेकाला ओळखत, "तू शांतीचा ना रे? खोकला गेला का?" असं विचारत. धड दिसत नसताना पोस्टमनचं लग्नही त्यांनी तिथल्या तिथे एका मुलीशी जवळजवळ जमवून टाकलं. पितळेचे मागे सरकले, काशाची माणसं दांडे धरून उभी राहिली, कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून तिथेच बसला. पहेलं येईपर्यंत गाडीची सगळी माणसं मागे आणि पुढे फक्त ड्रायव्हर आणि मामाजी. मामाजींच्या शेजारची जागा रिकामीच होती. त्यांनी दोनदा "या जी, समोर या" म्हणून पाहिलं, पण कोणी गेलं नाही.

ऑपरेशन झालं. आठवडाभर मामाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. त्या दिवसांत त्यांनी ना माल आणला, ना कोणाशी भांडी-तिकिटांचा विषय काढला. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी ठेवूनच घरी जायला सांगितलं. पट्टी पुढच्या आठवड्यात निघणार होती आणि तोवर दिसेल की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हतं. दुसरा डोळा तर नावालाच होता. मीही त्यांना पोचवायला निघालो. परतीच्या गाडीत मामाजींनी कोणाला काही न विचारता मामीजींना हाताला धरून पुढच्या सीटवर काचेजवळ बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मी त्यांच्या मागेच होतो.

"आता मले काय दिसते इथून?" मामीजी म्हणाल्या.

"मी सांगतो ना," मामाजी म्हणाले. "मी वीस वर्सं झाले इथंच बसून राहिलो. आइक. हे पहेलं गेलं. आता आंब्याचं मोठं झाड येईन, मंग बोडी."

"पयले बोडी, मंग आंबा," मामीजी म्हणाल्या. "बोडीच्या पारीवर सिंदीचे झाडं हायेत."

बोडी, म्हणजे गावतळं, आधी आली. पाळीवर शिंदीची झाडं होती. नंतर आंबा आला. पुढे मामाजींनी देऊळ डावीकडे सांगितलं, मामीजींनी ते उजवीकडे नेलं आणि ते खरोखर उजवीकडेच निघालं. चार वेळा बसलेली बाई बरोबर आणि हजार वेळा बसलेला माणूस चूक, हे कसं, ते मला एकदम उमगलं. मामाजी वीस वर्षं पुढच्या सीटवर बसले खरे, पण काचेकडे पाठ करून. कोण चढलं, कोण उतरलं, कोणाची पाळी, हे पाहण्यात त्यांनी रस्ता एकदाही पाहिला नव्हता. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ते काचेतून समोर पाहू लागले.

"बगळे हायेत," ते हळू आवाजात म्हणाले. "बांधीत. चार. नाही, पाच. धान कापून झालं. एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालून राहिली. लुगडं हिरवं हाये."

"कसं हिरवं?" मामीजींनी विचारलं.

मामाजींनी त्या भारेवालीकडे पुन्हा नीट पाहिलं. हिरवा म्हणजे नेमका कसा, असं त्यांना जन्मात कोणी विचारलं नसावं. "तुह्या त्या कोशाच्या रेशमी लुगड्यावानी," ते म्हणाले. मामीजींनी समाधानाने मान हलवली.

अड्याळला पंधरा माणसं चढली. दोन काशाचे, एक पितळेचा, रुमाल उडू लागले, आवाज वाढला. कंडक्टरने सवयीने पुढे येऊन विचारलं, "शेटजी, याहिले कोनाले कुठी बसवू?"

"बसवा कुठीबी," मामाजी मागे न वळता म्हणाले. "मी पाहून राहिलो."

मामीजींना त्या डोळ्याने चांगलं दिसू लागलं आणि त्यानंतरची पाच वर्षं त्या महिन्यातून एकदा तरी कारण काढून भंडाऱ्याला येत. कारण नसलं तर माझ्या पोरांना लाडू आणत. घराघरांतल्या तारा गंजल्या, लोक मिळेल तिथे बसू लागले आणि पुढच्या सीटवर त्या दोघांना उठवायचं कोणाच्या मनात आलं नाही. मामीजी गेल्यावरही मामाजी त्याच गाडीने येत. कंडक्टरने एकदा मला स्टँडवर बाजूला घेऊन सांगितलं, की शेटजी एकटेच बसतात, तोंड समोर ठेवून, आणि वाटेत हलक्या आवाजात बोलत असतात. बोडी आली म्हणतात, बगळे किती ते मोजतात. शेजारी कोणी बसलं तर सरकून जागा देतात, पण बोलणं थांबवत नाहीत.