अंगणवाडीच्या भिंतीवरचा माझा टेम्पो

मी पेंटर. श्रीरामपुरात राहतो. आमचे अब्बाही पेंटर होते. पाट्यांवर ऱ्हस्व-दीर्घ चुकू नये म्हणून त्यांनी मला मराठी शाळेत घातलं, आणि त्यांच्या त्या निर्णयावर माझी निम्मी जिंदगी निघाली. दुकानांच्या पाट्या, लग्नाचे बोर्ड, ट्रॉलीच्या मागचे नंबर, सगळं हातानं रंगवलं. पुढं फ्लेक्स आले आणि पाट्या बसल्या. मग मी भिंतींकडे वळलो. शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीचे कंपाउंड. गावोगाव शिडी आणि रंगाचे डबे न्यायचे म्हणून एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

टेम्पोचा डावा दिवा मी मागे बदलला, तो उजव्यापेक्षा पिवळा पडतो. डाव्या गालाला पोचा आहे. तो एका म्हशीनं दिलेला, आणि चूक माझी होती, म्हशीची नव्हे. हॉर्नचा घसा कायमचा बसलेला. थंडीत सकाळी सुरू करताना तो तीनदा खोकतो, चौथ्यांदा चालू होतो. चढ आला की मी त्याला चल बाबा, थोडंच राहिलंय म्हणतो. बायको शेजारी असली तर खिडकीबाहेर बघत हसते. तिचं म्हणणं असं, की घरात एवढ्या गोडीनं मी कुणाशीच बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात अंगणवाडी रंगवायचं काम मिळालं. तिथल्या सेविकाताई हुशार आणि हौशी. एका भिंतीवर फळं, एकीवर मुळाक्षरं आणि रस्त्याकडच्या मोठ्या भिंतीवर गाड्या पाहिजेत, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण गाड्या नुसत्या नकोत, डोळ्या-तोंडाच्या, जित्या पाहिजेत. त्यांनी मोबाईलवर नमुना दाखवला. लाल, चपटी, चकचकीत मोटार, काचेवर दोन मोठे डोळे आणि कानापर्यंत हसू.

मी ती जशीच्या तशी काढली. बॉनेटवरची चमक तर अशी उतरली की मी स्वतःच दोनदा मागे सरून पाहिली. खिचडी खाऊन पोरं बाहेर आली आणि भिंतीपुढे उभी राहिली. एका मुलीनं बराच वेळ पाहून विचारलं, की हिच्यात ऊस कुठं भरत्यात. दुसरा म्हणाला, ही पाटाच्या रस्त्यानं आली तर हिच्या पोटाला दगडं लागतील. तिसऱ्याला ती कुणाच्या घरची आहे ते कळायला पाहिजे होतं. ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. चमक कुणी पाहिलीच नव्हती.

दुपारी बाभळीखाली बसून मी डबा खात होतो. समोर टेम्पो माझ्याकडे तोंड करून उभा. एक डोळा पिवळा, एक पांढरा, गालाला पोचा, मधे एकुलतं पुढचं चाक. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलत होतो आणि त्याचा चेहरा आज पहिल्यांदा नीट पाहत होतो. डबा तसाच झाकला आणि खडू घेऊन उठलो.

आधी डोळ्यांचा घोळ झाला. मोबाईलातल्या मोटारीसारखे काचेवर डोळे काढले, तर टेम्पो चष्मा लावलेल्या कारकुनासारखा दिसायला लागला. पुसले. दिव्यांचेच डोळे केले आणि त्यांच्यावर जाड भुवया दिल्या, तेव्हा कुठं तो माझा टेम्पो झाला. पुढच्या चाकाची हनुवटी केली. गालाच्या पोच्यावर औषधाची पट्टी चिकटवली. तोंड अर्धवट उघडं ठेवलं, खोकला येऊन गेल्यासारखं. रंग भरताना डाव्या डोळ्यात थोडा जास्त पिवळा मिसळला.

झोपेतून उठून पोरं बाहेर आली. सकाळचीच ती मुलगी भिंतीकडे पाहत राहिली, मग वळून अंगणातल्या टेम्पोकडे गेली, त्याच्या पोच्यावर हात ठेवला आणि त्याला हळूच म्हणाली, "तुला काढलाय तिकडं."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात काही राहिलं नाही. पोरांना सोडायला येणाऱ्या आया थांबायला लागल्या. दूध घालणाऱ्या एकानं मोटारसायकल भिंतीशी आणून लावली आणि हीपण घ्या म्हणाला. दोन्ही बाजूंना कॅन होते, त्यांचे मी फुगलेले गाल केले. उसाचा ट्रॅक्टर काढला तो दोन ट्रॉल्यांना हाताला धरून बाजारात निघालेल्या बाईसारखा. मागची ट्रॉली रडतेय आणि पुढची तिच्याकडे वळून बघतेय. पाण्याच्या टँकरला सर्दी झालेली दाखवली, कारण त्याचा नळ सतत गळतो हे मला तीन पोरांनी तीन वेळा सांगितलं होतं. लाल मोटार भिंतीच्या एका टोकाला राहिली, गावात पाहुणी आल्यासारखी.

अंगणवाडीच्या समोर लिंबाखाली एक जुनी जीप उभी होती. टपावर पाला, एक टायर बसलेलं, बॉनेटवर कोंबड्या. मी तीही काढली. डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरतेय, आणि डोक्यावर कोंबडी. सगळ्यात जास्त हसू तिलाच मिळालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरं धोतर, डोळ्यांना काळा चष्मा. ते जीपच्या चित्रापुढे थांबले आणि हललेच नाहीत. ताई आत गेल्या होत्या. कुणाची गाडी ते मला न सांगताच कळलं. मी ब्रश खाली ठेवला.

"माझी गाडी झोपलेली का काढली, पेंटर?"

चुकलं असेल तर पुसतो, आबा, असं मी म्हणालो. मी पायरीवर पोतं टाकलं, त्यावर ते बसले आणि हळूहळू सांगायला लागले. गावात दुसरी गाडी नव्हती तेव्हा ही होती. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की लोक त्यांचंच दार वाजवायचे. या पोरांच्या निम्म्या आयांचा जन्म श्रीरामपूरच्या दवाखान्यात झाला तो या जीपमुळे, आणि एकीचा तर रस्त्यातच झाला, मागच्या सीटवर. मग त्यांचे डोळे अधू झाले. ऑपरेशन झालं, पण पुण्यातल्या मुलानं चावी काढून घेतली. त्यात मुलाचं चुकलं असं ते म्हणाले नाहीत.

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, ही पुसतो आणि धावती काढतो, धूळ उडवत, दिवे लावून. त्यांनी काठीनं जीपचा मिटलेला डोळा दाखवला.

"नगं. झोपलीच हाय ती, खोटं कशाला काढतो? पर एक डोळा उघडा ठेव. गावात कोन आजारी पडलं तर कळाया पायजे तिला."

मी एक डोळा उघडला. ते मागे उभं राहून सांगत होते, दिव्यावर जाळी हाय, जाळी विसरलास. त्यांना तेवढं दिसत होतं की आठवत होतं, मला कळलं नाही. जाळी काढली. बुबुळ रस्त्याकडे वळवलं. मग त्यांनी कोंबडीकडे बोट केलं. मला वाटलं आता कोंबडी जाणार. पण कोंबडी राहू दे म्हणाले, ती खरीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर खऱ्या जीपवर कोंबड्या नव्हत्या आणि आबा ओल्या फडक्यानं काच पुसत होते. जीप काही सुरू झाली नाही. काच मात्र स्वच्छ निघाली.

काम संपायच्या दिवशी मी बायकोला सोबत नेलं. ती माझं काम सहसा बघायला येत नाही, रंगाच्या वासानं तिचं डोकं दुखतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सावकाश चालत गेली आणि टेम्पोपुढे थांबली.

"ये तो तुमच है," ती म्हणाली.

भुवया माझ्या, खोकला माझा, तोंड उघडं ठेवायची सवयही माझीच, असं तिनं ताईंना समजावून सांगितलं. ताईंना ते आधीच कळलं होतं म्हणे, त्या फक्त बोलल्या नव्हत्या. मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. मला कसं दिसलं नाही कोण जाणे.

मग बायकोनं विचारलं, की मी कुठंय यात. लग्नाकार्याला गावोगाव जाताना ती कितीदा माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती, रंगाचा डबा सांडू नये म्हणून दोन पायांत धरून. आणि मी त्या केबिनमध्ये कुणालाच बसवलं नव्हतं. मी डबे पुन्हा उघडले.

खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर काढलं, बाही निळी, मनगटात हिरव्या बांगड्या. बांगड्या किती ते तिनं सांगितलं. ओढणीचं टोक वाऱ्यावर सोडलं. टेम्पोची एक भुवई जरा त्या बाजूला वळवली. पोरं दाटीवाटीनं बघत उभी होती. ही कोण, असं एकानं विचारलं, तेव्हा टेम्पोशी बोललेल्या त्या मुलीनं माझ्या बायकोचा हात धरून वर करून दाखवला.

रंग ओला असतानाच कुणीतरी कोपराला बोट लावलं. ठसा उमटला. मी पुसायला फडकं घेतलं, पण बायको म्हणाली, राहू दे, आणि आम्ही शिडी टेम्पोत टाकली.