बांधावरून आणलेला दगड

विचारावं लागू नये म्हणून मी रानात दुपारी जाते. एक ते तीनच्या मध्ये. तेव्हा माणसं जेवून सावलीला आडवी झालेली असतात आणि कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. माझं काम दगड गोळा करून विकायचं आहे. नव्या विहिरीतून काढलेल्या ढिगात, खडीच्या खाणीजवळ, रस्ता रुंद करताना कापलेल्या टेकडीत आमच्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोटातून पांढऱ्या, हिरवट गारगोट्या निघतात. मी त्या दात घासायच्या ब्रशने साफ करते, फोटो टाकते आणि लांबलांबची माणसं त्या मागवतात. आष्ट्याच्या आमच्या घरातली जिन्याखालची जागा मला त्यासाठी मिळालेली आहे. घरी याला ‘तिचं काहीतरी’ म्हणतात.

विचारलं तर बहुतेक लोक ‘न्या की’ म्हणतील, हे मला माहीत आहे. दगडाला कोण नाही म्हणतं? पण मला विचारणंच जमत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. दगडांबद्दल जे काही वाचलं तेही इंग्रजीत. अनोळखी माणसासमोर माझी मराठी एकदम भाषणासारखी होते, मग समोरचा हसून विचारतो, “कुठल्या म्हणायच्या तुमी?” त्या प्रश्नापेक्षा ऊन परवडतं.

माझी मावशी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. तिथं नवीन विहीर खोदतायत असं तिच्याकडून कळलं, म्हणून सोयाबीन निघाल्यावर मी गेले होते. विहिरीत काही विशेष मिळालं नाही. परत येताना दोन वावरांमधल्या बांधावरून चालत होते. वैरणीसाठी बांधावरचं गवत नुकतंच कापलेलं होतं आणि त्या खुंटांमधून एक तपकिरी टोक वर आलेलं दिसलं.

आधी वाटलं, जुनं खोड आहे. हात लावला तर गार. थुंकी लावून पुसलं तर आत सालीच्या रेघा, गाठी, एका ठिकाणी फांदी फुटल्याची खूण. दगड झालेलं लाकूड. मी ते तोवर फक्त दुसऱ्यांच्या फोटोंत पाहिलं होतं. आमच्या भागात ते मिळत नाही, हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते तिथं ठेवून जाववेना. कुठल्यातरी ट्रकमधून मुरमाबरोबर आलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इतकं वाचलेलं असूनही, बांधाच्या मधोमध अर्धा पुरलेला दगड कुणीतरी मुद्दाम पुरला असेल, हे काही मला सुचलं नाही.

मी फोटो काढले, पेचकसाने भोवतीची माती उकरली आणि तो गोणपाटाच्या पिशवीत घातला. कराडला बस बदलताना पिशवी उचलवेना. कंडक्टर म्हणाला, “काय दगडं भरल्यात का काय ताई?” मी “हो” म्हणाले. त्याला तो विनोद वाटला आणि त्याने ती वर घ्यायला हात दिला.

आष्ट्यात स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट कापून देणारं एक दुकान आहे. तिथून मी दगडाच्या एका टोकाची चकती कापून घेतली. आतली वर्तुळं इतकी स्वच्छ होती की दुकानातल्या माणसानेही मशीन बंद करून ती मोजायचा प्रयत्न केला. चकती दोन दिवसांत बंगळुरूला गेली. उरलेला दगड मी जिन्याखाली ठेवला, कापलेली बाजू बाहेर करून.

तीन आठवड्यांनी मावशीचा फोन आला. तिला आईशी बोलायचं होतं. आई बाहेर होती, म्हणून ती माझ्याशीच बोलत राहिली.

“आमच्या शेजारच्या रानात लय वाढलंय बघ. दोगं सख्खं भाऊ. परवा धाकट्यानं कुऱ्हाड आणली हुती गं.”

“का?”

“आगं, त्यांचा बाऽ मिल्ट्रीत हुता. तिकडं वाळवंटात कुटंतरी. येताना ट्रंकंतनं एक दगूड आणलेला त्यानं, लाकडागत दिसायचा. वाटणी केली तवा त्योच पुरला बांधात. म्हनला, असला दगूड पंचक्रोशीत न्हाई, कुणी दुसरा आणून बसवू शकत न्हाई, म्हंजी तुमी भांडणार न्हाई. त्योच उपटलाय कुणीतरी. थोरला म्हणतोय धाकट्यानं, धाकटा म्हणतोय थोरल्यानं. आता दोगांनी बी बांध नांगरलाय. ज्वारी पेरायची हाय. जो पयल्यांदा पेरायला कुरी घालंल त्याचं डोस्कं फुटणार म्हणत्यात.”

मी जिन्याकडे बघितलं.

“हाईस का?”

“आहे.”

“तुझ्या आईला सांग मी फोन केलता म्हणून.”

फोन ठेवल्यावर मी जिन्याखाली जाऊन दगडावर टॉवेल टाकला. कुणी बघत नव्हतं, तरी टाकला. तो वेगळा होता म्हणून मी उचलला, आणि वेगळा होता म्हणूनच त्यांच्या वडिलांनी तो तिथं ठेवला होता. याला काय म्हणायचं, ते मला इंग्रजीतही सांगता येणार नाही. कुणाचं तरी डोकं फुटेल आणि ते माझ्यामुळे असेल. मी सांगितलं तर मावशीची भाची चोर निघाली, हे तिच्या गावात कायमचं राहील. मावशीला तिथंच राहायचं आहे.

मी भित्र्या माणसाचा मार्ग काढला. दुपारी जायचं, दगड होता तिथं ठेवायचा, वर थोडी माती सारायची आणि मागच्या मागे बस धरायची. मग कुणालातरी तो दिसेल. कसा सापडला, हे ते आपापसात ठरवतील.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे न जाता मी सरळ रानात गेले. बांध नव्हता. एका बाजूच्या चिंचेपासून दुसऱ्या बाजूच्या ओढ्यापर्यंत सगळी एकच काळी, ओली, उलथलेली जमीन. त्या जमिनीत एका ठिकाणी काठी रोवलेली होती आणि तिच्यापासून चार पावलांवर विटांची एक ओळ लावलेली होती. मधल्या चार पावलांत ट्रॅक्टरच्या फाळाच्या रेघा दोन्ही बाजूंनी एकमेकांवर चढलेल्या होत्या. मी काढलेला खड्डा केव्हाच बुजला होता.

पिशवी तशीच टाकून पळून जावं, असं मनात आलं. पण दगड ज्याच्या बाजूला मिळेल त्यानेच तो चोरला, असं दुसरा म्हणणार. म्हणजे कुऱ्हाडीला मीच कारण देऊन जाणार.

दगड जागेवरून हलवण्याआधी मी एक जवळचा आणि एक लांबचा फोटो काढते. गिऱ्हाईकं विचारतात, म्हणून ही सवय. लांबच्या फोटोत दगडाच्या मागे बांध सरळ जाताना दिसत होता, बांधाच्या टोकाला विजेचा खांब आणि त्या खांबामागे पंपाच्या खोलीचं निळं दार अर्धं झाकलेलं. मी फोन डोळ्यांसमोर धरला आणि आडवी सरकू लागले. एक पाऊल डावीकडे गेलं की दार पूर्ण झाकलं जायचं. दोन पावलं उजवीकडे गेलं की पूर्ण उघडं. मी तशीच मागेपुढे करत होते.

“मोजणीच्या हापिसातनं आलाय व्हय तुमी?”

मागे एक उंच गृहस्थ उभे होते. पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पाण्याची बाटली. ताठ उभं राहण्यावरून फौजेतले वाटत होते.

“धाकट्यानं बोलावलंय काय तुमाला? मला न सांगता?”

हेच थोरले, हे तेव्हा कळलं. हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. माझ्या गळ्यात ओळखपत्रासारखी पेनड्राइव्हची दोरी होती. पण तोंडातून आलं, “नाही. दगड मी नेला होता.”

मी पिशवी खाली ठेवून उघडायला गेले. माझ्या बोटांना गाठ सुटत नव्हती, तर त्यांनीच वाकून सोडली. दगड बघितल्यावर ते नांगरटीत खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कुणाची गं तू?”

मी मावशीच्या घराकडे हात केला.

“भाची?”

मी मान हलवली. मला माफी मागायची होती. ‘सॉरी’ फार लहान वाटलं आणि ‘मला क्षमा करा’ तोंडात येऊन तिथंच अडकलं, शाळेच्या नाटकातल्यासारखं.

त्यांनी कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग उभे राहून चिंचेच्या दिशेने हाक मारली. “एऽ, ये हिकडं. आबांचा दगूड घावलाय.”

नंतर मावशीने सांगितलं, की भांडण लागल्यापासून ते भावाशी बोललेले पहिले शब्द हेच. तेव्हा मला एवढंच दिसलं, की चिंचेखालून एक ठेंगणा, रुंद माणूस उठला आणि येताना त्याने पहार उचलली.

“कुटं घावला?” धाकटे लांबूनच म्हणाले.

“ह्या पोरीनं नेलता.”

“आन् तू इस्वास ठेवलास?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “ह्याला चकाकी कुटनं आली? आबांचा दगूड असला न्हवता.”

“मी एक बाजू कापली आहे,” मी म्हणाले. “चकती विकली.”

“इकली,” ते म्हणाले. “बघ. इकली म्हणती.” मग मला, “किती दिलं ह्यानं तुला, ही गोष्ट सांगायला?”

“तोंड सांबाळ,” थोरले म्हणाले.

“का? पोरगी कुणाच्या बांधाला हुबी हाय बघ की. तुझ्याच.”

पहार त्यांनी जमिनीला टेकवली होती आणि मी तिच्या टोकाकडे बघत होते. माझ्या आवाजावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी फोन पुढे केला. दोघांनी दोन बाजूंनी डोकी घातली. दोघांनाही चष्मा लागत असावा, कारण दोघांनीही एकदमच फोन लांब धरायला सांगितला. फोटोतला दगड, त्याच्यामागचा अखंड बांध, खांब, निळं दार.

“त्योच हाय,” धाकटे म्हणाले.

मग ते दोघंही माझ्याकडे वळले आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. आता मी चोर नव्हते. आता मी सांगेन तिथं हद्द होती.

“दाव,” धाकटे म्हणाले.

थोरले आपण रोवलेल्या हद्दीच्या काठीजवळ जाऊन उभे राहिले. धाकटे आपल्या विटांजवळ. मी फोन धरून मध्ये सरकत गेले. ढेकळं पायाखाली फुटत होती. दार अर्धं दिसू लागलं तिथं मी थांबले. काठीपासून तीन पावलं, विटांपासून एक. म्हणजे थोरल्यांचं नुकसान जास्त. पिशवीची गाठ ज्यांनी सोडली त्यांचं.

“नीट बघ,” थोरले म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. “घाई न्हाई. नीट बघून सांग.”

मी पुन्हा फोटो बघितला. फोटो काढताना मी उभी होते का बसलेली, हे मला आठवेना. हात किती लांब धरला होता तेही. अर्ध्या पावलाने दार हलत होतं. पण ‘साधारण इथं’ म्हटलं असतं तर त्या ‘साधारण’वरून पुन्हा सगळं सुरू झालं असतं.

“इथंच,” मी म्हणाले.

थोरल्यांनी काठी उपटली आणि मांडीवर मोडली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा धाकटे पहार घेऊन माझ्यापाशी आले होते.

“हलू नगंस,” ते म्हणाले. “दगूड बसंपतोर तूच दगूड.”

मी हलले नाही. ते माझ्या बुटांच्या पुढे पहार मारत होते आणि प्रत्येक घावाला जमीन तळव्यांना लागत होती. थोरले हाताने माती काढत होते. डोक्यावर ऊन होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलासुद्धा हात उचलावासा वाटेना. खड्डा कोपरापर्यंत झाला तेव्हा दोघांनी दगड उचलला आणि तिथं त्यांचं पुन्हा वाजलं.

“चकाकी वर ऱ्हाऊ दे,” धाकटे म्हणाले. “लांबनं दिसंल.”

“व्हय, आन् परत यील हिच्यासारखी कुणीतरी.”

“मग खाली घाल.”

“खालीच घालतोय.”

दगड बसला. धाकट्यांनी भोवती माती दाबली, थोरल्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्यावर ओतलं. मग ते दोघं दोन बाजूंना निघून गेले. मला जा म्हणून कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी आणखी थोडा वेळ तिथंच उभी होते.

संध्याकाळपर्यंत मावशीला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “आदी माझ्या दारात येऊन सांगायचं न्हाईस व्हय?” त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला मी चकती परत मागितली, पण त्याला पैसे नको होते आणि तिच्या बदल्यात देण्यासारखं दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. रानात मी अजून दुपारीच जाते. पण जी काही माणसं जागी असतील त्यांना शोधून, भाषणासारख्या मराठीत, आधी विचारते.

आता मावशी पुन्हा फोन करते. मी ज्वारीचं विचारते. दोन्हीकडं चांगली आलीय, ती म्हणते. ते दोघं काही म्हणतात का, हेही मी दर वेळी विचारते.

“न्हाईत म्हणत. का? काय म्हणायचं ऱ्हायलंय?”

त्या अर्ध्या पावलाचं मी तिला सांगितलेलं नाही. मी फोन दुसऱ्या कानाला लावते आणि काकांचा गुडघा कसा आहे ते विचारते.