मंदाताईंच्या चुलीवरचे खेकडे

मंदाताईंना वेगळी चूल दिली ती आमच्या घरानेच. त्यांनी मागितली नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या निम्म्या मराठा घरांतून बोललं गेलं की जयसिंहरावांच्या विधवेने घर फोडलं. साफ खोटं आहे ते.

मी त्यांची जाऊ. मानाने थोरली, वयाने धाकटी. घरातले कर्ते महिपतराव हे माझे यजमान, सरकारी रिसाल्यातून निवृत्त झालेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण घेतल्यावाचून ही गोष्ट सांगता येत नाही, आणि आता रागवायला ते आहेत कुठे. त्यांची पहिली पत्नी वारली आणि तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मी मुरारहून लग्न होऊन या घरात आले. मी एकोणिशीत, ते चाळिशी ओलांडलेले. त्याला कोणी नाव ठेवलं नाही. उलट बाप्यामाणसाने एकट्याने दिवस काढायचे तरी किती, म्हणून सगळे कळवळले होते.

सन छत्तीसमध्ये माझे दीर जयसिंहराव घोड्यावरून पडले आणि त्यातच गेले. मंदाताई तेव्हा तिशीच्या. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला सगळे भाऊबंद बसलेले असताना महिपतरावांनी देवघरातून तबक आणवलं. तबकात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा. आमच्यात बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ कोणी मोडत नाही, जमिनीचे तंटेसुद्धा त्याच्यावर मिटतात. महिपतराव एकेक शब्द सांगत गेले आणि मंदाताई तो म्हणत गेल्या. बकऱ्याचं, कोंबडीचं, शिकारीचं आणि मासळी, यांतलं काही या जन्मी तोंडात घालणार नाही. आठवडाभर धड न जेवलेल्या बाईने त्या वेळी काय वाटेल ते म्हटलं असतं.

शपथेच्या मागोमाग चूल आली. आमच्या स्वयंपाकघरात रविवारी मटण शिजायचं, थंडीत शिकार यायची. त्याचा स्पर्श विधवेच्या अन्नाला नको, म्हणून मागच्या पडवीत मंदाताईंना एक चूल, एक पाटा-वरवंटा आणि चार भांडी मांडून दिली. आपण मोठं पुण्य केलं असं महिपतरावांना वाटलं. रविवारी आतून रश्श्याचा वास पसरायचा आणि मंदाताई पडवीत भोपळ्याची भाजी परतत बसायच्या. आतल्या मटणाचा घास मला गोड लागत नसे, पण मी खात होते.

दिवाळीच्या सुमाराला रामकली नावाची, तळ्यात शिंगाडे लावणारी कहारीण टोपलीभर शिंगाडे घेऊन मागच्या दाराला यायची. एकदा शिंगाड्यांच्या वेलात अडकून एक खेकडा आला. रामकली तो उचलून नाल्यात भिरकावणार होती.

"फेंक देत हैं बाईसाब," ती म्हणाली. "जे कौन खात है."

मंदाताईंनी तो तिच्या हातातून घेतला. पाठीमागून दोन बोटांत असा धरला की नांगी त्यांच्यापर्यंत पोचेना. मग तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, आणखी मिळतील का. जयसिंहराव गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मंदाताईंचं माहेर पाटणकडचं, कोयनेच्या काठावरचं. तिथे घरोघरी खेकडे शिजतात. आमची मंडळी मात्र दक्खन सोडून चार-पाच पिढ्या इकडे राहिलेली. हरणापासून तितरापर्यंत काहीही खातील, पण खेकडा ही खायची वस्तू आहे हे साफ विसरलेली. शपथेत खेकडा आला नाही तो एवढ्यासाठीच. महिपतरावांनी तो सोडून दिला नव्हता, त्यांना तो सुचलाच नव्हता.

पुढच्या रविवारी रामकलीने फडक्यात बांधून डझनभर खेकडे आणले. मंदाताईंनी ते कढत पाण्यात टाकले, साफ केले, जाड नांग्या बाजूला ठेवल्या आणि बारीक पाय सगळे पाट्यावर घेतले. मला वाटलं, हे टाकायचे असतील. त्या म्हणाल्या, खरी चव पायांतच असते, कवचाखालचा नुसता मऊ मांदा काय कोणीही खाईल. ते पाय त्यांनी वरवंट्याने चेचले, पाणी शिंपडून वाटले आणि फडक्यातून पिळून काढले. राखाडी रंगाचा रस निघाला. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, धणे, मिरची यांचं वाटण तेलात परतून त्यात तो रस ओतला आणि हाताला विसावा न देता ढवळत राहिल्या. थांबलं की रस फुटतो म्हणे. आमसूल ग्वाल्हेरात कुठलं मिळायला, त्यांनी आमचूर टाकला. रस्सा दाट होत गेला आणि पडवीतून असा वास सुटला की आतलं मटण फिकं पडलं.

खेकडा चोरून खाता येत नाही. नांगी दातांनी फोडावी लागते, कडकडा आवाज होतो, मग ती चोखावी लागते, त्याचाही आवाज होतो. आमच्या घरी विधवेने सगळ्यांच्या मागून आणि आवाज न करता जेवायचं असं होतं. मंदाताई पाटावर बसल्या आणि त्यांनी पहिली नांगी फोडली.

आत पंगत बसली होती. महिपतरावांचे चुलतभाऊ दौलतसिंह आणि आणखी चार भाऊबंद. दौलतसिंहांचा घास हातातच राहिला.

"दादासाहेब, ही कसली आवाज येऊन राहिली आहे?" ते म्हणाले.

महिपतरावांनी मला विचारलं. मी सांगितलं, मंदाताई खेकडे खातायत. दौलतसिंह आधी हसले आणि मग महिपतरावांचा चेहरा बघून घाईने भाकरी मोडू लागले.

इथे एक रीत सांगायला हवी. आमच्यात बाई मोठ्या दिराशी थेट बोलत नाही. मंदाताई दाराआड उभ्या राहायच्या, मला सांगायच्या आणि मी ते दिवाणखान्यात सांगायची. मध्ये पाच पावलांचं अंतर, एकाचं दुसऱ्याला स्वच्छ ऐकू यायचं. पण मी तोंड उघडेपर्यंत ते कोणी ऐकलं असं धरत नसत. मला ही रीत पहिल्यापासून वेडगळ वाटायची. त्या दिवशी तिचा उपयोग कळला.

महिपतरावांनी पुन्हा ते तबक मागवलं. मंदाताई हात धुऊन दाराआड येऊन उभ्या राहिल्या. ताटं अजून समोरच होती, मटणाचा रस्सा त्यांत निवत होता. महिपतराव माझ्याकडे बघत म्हणाले की शपथेत खेकडा राहून गेला, तेव्हा त्यांनी भंडारा पुन्हा उचलावा.

मंदाताईंनी दाराआडून सांगितलं, भंडारा एकदा उचलला तो उचलला. जे म्हटलं ते पाळते आहे, जे म्हटलंच नाही ते पाळायला मी बांधलेली नाही. मी तसंच्या तसं सांगितलं.

महिपतराव म्हणाले, मग पडवीतली चूल उद्या मोडायची आणि त्यांना पाटणला पोचवायचं. आणि हे त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही, दौलतसिंहांना गाडीचं बघायलाही सांगितलं. मला धडकी भरली. पाटणला मंदाताईंचं कोणी उरलं नव्हतं. आईवडील गेले, भाऊ गेला, भावजयीने घर विकलं. त्यांना पाठवणार होते ते रस्त्यावर, आणि पंगतीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मला वाटलं, आता त्या येतील, पान उचलतील आणि जन्मभर भोपळा खातील.

दाराआडून त्यांचा आवाज आला. चढलेला नव्हता.

"जाऊबाई, विचारा त्यांना. तुमच्या आधीच्या थोरल्या जाऊबाई गेल्या, तेव्हा त्यांनी भंडारा उचलून काय सोडलं?"

सगळ्यांनी ऐकलं होतं आणि रीतीप्रमाणे कोणीच ऐकलं नव्हतं. दौलतसिंह ताटातलं हाड निरखत बसले. महिपतराव मला हळूच म्हणाले, तुम्ही आत जा. मी आत गेले असते तर ते वाक्य दारापाशीच मेलं असतं आणि सकाळी मंदाताई गाडीत बसल्या असत्या.

मी तबकाकडे बघितलं. ते आज मंदाताईंसाठी आलं होतं. माझ्यात आणि यजमानांत वीस-बावीस वर्षांचं अंतर, म्हणजे आज ना उद्या ते माझ्याहीसाठी येणार होतं. आणि ज्या बाईच्या मागे मी या घरात आले, तिच्यासाठी यांनी एका रविवारचं मटणही चुकवलं नव्हतं. मला इतका राग आला की भीती कुठल्या कुठे गेली.

"मंदाताई विचारतात," मी म्हटलं, "थोरल्या वहिनीसाहेब गेल्या तेव्हा आपण भंडारा उचलून काय सोडलंत? आणि मीही विचारते."

महिपतरावांनी ताटावरून उठून हात धुतले. दौलतसिंहांनी गाडीचा विषय काढला नाही. तबक तसंच राहिलं, ते मीच उचलून देवघरात ठेवलं. त्यानंतर महिनाभर यजमान माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही फार वाईट वाटलं नाही. चूल जागेवर राहिली, आणि पुढच्या रविवारी मी माझा पाट पडवीत मांडला. नांगी कुठल्या दाताखाली धरायची ते मंदाताईंनी दाखवलं. मी मुद्दाम जोरात फोडत असे.

महायुद्ध संपायच्या आधीच्या हिवाळ्यात महिपतराव गेले. माणूस वाईट नव्हता, मी रडले. तेराव्याला दौलतसिंह कर्तेपणाने पुढे झाले आणि त्यांनी तबक आणवलं. तोच बेल, तोच भंडारा. शब्द सांगू लागले, बकऱ्याचं, कोंबडीचं, शिकारीचं, मासळी. या वेळी त्यांनी शेवटी खेकडाही घातला. एवढं मात्र ते शिकले होते.

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मागच्या पडवीतून वरवंट्याचा आवाज येत होता. सुतक फिटलं होतं आणि मंदाताई पाट्यावर खेकड्यांचे पाय चेचत होत्या, घरभर ऐकू जाईल असे.

"दौलतसिंह, तबक देवघरात ठेवा," मी म्हटलं. "माझं पान तिकडे वाढलंय."