मावशीचा हलका हात

आमच्या मावशीने तीन वर्षं घालवून खुर्चीवरून उठायला शिकून घेतलं, हे मी अभिमानाने सांगतो. हसून घ्या. काका, म्हणजे तिचे यजमान, तेव्हा रोज हसायचे. "मला तर कोणी न शिकवताच येतं!" म्हणायचे आणि गुडघ्यांवर हात टेकून "आई गं" करत उठायचे.

मावशी शिवणकाम करायची. तीस वर्षं मशीनवर वाकून तिची पाठ अशी धरली होती, की खाली पडलेली कात्री उचलायची म्हणजे संकट. डॉक्टर झाले, कंबरपट्टे झाले, मलमं झाली. शेवटी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसण्या-उठण्याची रीत शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्या मानेमागे नुसता हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ताठ होऊ नका. आवळलंय ते सोडा." चार महिन्यांत पाठ मोकळी झाली. मग मावशीच्या मनाने घेतलं, की हे आपणही शिकवायचं. मशीनवर चादर टाकली आणि बावन्नाव्या वर्षी ती बाईंकडे शिकाऊ म्हणून दाखल झाली.

घरी सराव म्हणून ती गुडघे उभे करून जमिनीवर पडायची. डोक्याखाली माझी कॉलेजची जाडजूड पुस्तकं.

"डोक्यात जाईनात म्हणून डोक्याखाली घेतलीस होय?" मी विचारायचो.

"तुझ्या तरी कुठं गेली? पानं अजून चिकटलेली आहेत," ती पडल्यापडल्या सुनावायची.

अडचण होती तिच्या हाताची. कोणी पोक काढलेला दिसला, की खांदे धरून खस्सकन मागे ओढायची, कोटाची सुरकुती काढावी तशी. पहिल्या परीक्षेत यापायीच नापास झाली. "तुम्ही माणसाला इस्त्री करता हो," बाई म्हणाल्या. दुसरी संधी शेवटची होती. ती हुकली, तर शिकवणं कायमचं बंद आणि पुन्हा ते मशीन, पुन्हा ती पाठ.

घरच्या एकाला परीक्षा बघता येणार होती. काका म्हणाले, "तू जा. मला हसू आवरायचं नाही." सकाळपासून त्यांनी चहा दोनदा उतू घालवला होता.

परीक्षक होते बाहेरगावचे, गंभीर चेहऱ्याचे. त्यांनी मावशीसमोर बसवला बँकेचा पहारेकरी. मान वर्षभर दुखत होती. गडी छाती फुगवून, हनुवटी आत ओढून, परेडला आल्यासारखा बसलेला. मावशीचे हात त्याच्या खांद्यांकडे निघाले. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा तिने हात मागे घेतले होते.

"दादा, तुम्ही शिंप्याकडे माप देता तेव्हा छाती फुगवता ना?"

"सगळेच फुगवतात की!"

"आणि घरी गेल्यावर?"

"सदरा ढगळ होतो," तो ओशाळून हसला.

"मग घरी बसता तसे बसा. मी माप घेतेय."

हसता हसता त्याचा श्वास सुटला आणि खांदे दोन बोटं खाली आले. तेव्हा कुठे तिने मानेमागे हात ठेवला, टेप ठेवावा इतका हलका. "आता उठा. घाई नाही." तो उठला तो टेकू न घेता. उभा राहून मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाला, "अहो ताई, करकर कुठं गेली?"

परीक्षकांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

"गिऱ्हाइकांनी," मावशी म्हणाली. परीक्षकांनी कागदावर 'पास' लिहिलं.

कोपऱ्यात बसून बघणाऱ्या बाईंनी रुमाल काढला. सर्दी झाली होती म्हणे.

घरी पोचलो, तर मशीनच्या जागी दोन खुर्च्या मांडलेल्या. निकाल सांगायच्या आधीच काका एकीवर जाऊन बसले. हात मांडीवर, गुडघ्यांवर नाही.

"हं, बाई," ते म्हणाले, "उठू का?"

"आधी हसणं सोडा," मावशी म्हणाली आणि त्यांच्या मानेमागे हात ठेवला.