बिननावाचं बारसं

गेल्या महिन्यात अर्धापूरला माझ्या भाच्याचं बारसं होतं. आणि मी त्याची एकुलती एक आत्या... म्हणजे त्या दिवशीची खरी व्हीआयपी मीच.

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं हे बाळ. तेही दिवस भरायच्या आधीच आलं, जेमतेम दीड किलोचं. नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर काचेच्या पेटीत होतं, त्यातले बरेच दिवस ऑक्सिजनवर. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं... याची फुफ्फुसं कच्ची आहेत, साधी सर्दीसुद्धा याला झेपायची नाही.

आता माझ्याविषयी. लातूरला माझी मेस आहे, क्लासेससाठी आलेल्या साठेक पोरी दोन्ही वेळ माझ्याकडे जेवतात. पहाटे पाचला उठते, रोज चार किलोमीटर चालते, शुगर नाही, बीपी नाही. करोनात अख्खी गल्ली आडवी झाली तेव्हाही मी डबे पोचवत होते, त्यामुळे 'मला काही होत नाही' हे माझं ठरलेलं वाक्य.

बारशाच्या आठवड्यात मेसमधल्या दहा-बारा पोरी तापाने फणफणल्या होत्या. मीच त्यांच्या खोल्यांवर मऊ भात घेऊन जायचे, जवळ बसून भरवायचे. मास्क काही मला जमत नाही... जीव गुदमरतो.

निघायच्या दिवशी माझाही घसा खवखवायला लागला. एक गोळी घेतली, तोंडात लवंग धरली आणि एसटीत बसले. एवढ्याशा घशासाठी आत्याने बारसं चुकवायचं म्हणजे काय!

शीतल, माझी भावजय, बिलोलीकडची. आठ वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. चारचौघांत कधी बोलायची वेळ आली की आधी नवऱ्याकडे बघणार... आम्ही तिला गरीब गाय म्हणायचो, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त असायची.

तिने पाळणा घरात न ठेवता अंगणात मांडला होता. फाटकाशी बादली आणि साबण, बाळाला लांबूनच बघायचं, पापी घ्यायची नाही. बायका आपसात कुजबुजत होत्या... 'लई भेतीय बाई ही.' त्यांच्यात हसायला मीही होते, खोटं कशाला सांगू.

पाळणे म्हणून झाले. कानात नाव सांगायला मी वाकले, मागे बायका माझ्या पाठीत गुद्दे घालायला मुठी वळून तयार... आणि शीतलचा हात मध्ये आला.

"ताई, थांबा. तुमचा आवाज बसलाय. मेसमधल्या पोरी अजून खोकून राहिल्या का?"

फोनवर मीच तिला पोरींचं सांगितलं होतं. आता सगळं अंगण माझ्याकडे बघतंय, आणि बाळ माझ्यापासून वीतभर अंतरावर. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि नेमका खोकलाच आला.

आई तिच्यावर चिडली, आत्याला कुणी अडवतं का म्हणून. चुलती पुढे झाली, म्हणाली मग मी ठेवते नाव, त्यात काय. शीतल पाळण्यापुढे येऊन उभी राहिली. या वेळी तिने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"न्हाई काकू. नाव ताईच ठेवणार. त्या बऱ्या झाल्या की."

आणि खरंच, बायकांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि बाळाला नाव न ठेवताच बारसं उठलं. मी न जेवता चारची गाडी पकडली. भाऊ स्टँडवर सोडायला आला, त्याच्याशीही बोलले नाही. माझा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता... रस्ताभर हेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप भरला. तपासणीत फ्लू निघाला. मी... रोज चार किलोमीटर चालणारी मी... पाच दिवस अंथरुणाला खिळून होते. बाथरूमपर्यंत गेलं तरी दम लागायचा.

तिसऱ्या दिवशी छाती धरून खोकताना ते दीड किलोचं बाळ डोळ्यांसमोर आलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत चांगली म्हणून तुम्ही घरच्या घरी निभावताय. खरंय. पण ती तब्येत माझ्यापुरतीच होती ना... भाच्याला थोडीच वाटून देता आली असती? त्याच्या वाट्याला माझा नुसता खोकला आला असता.

शीतलचा रोज फोन यायचा. काय खाल्लं, ताप किती आहे, एवढंच. बारशाचा विषय तिने एकदाही काढला नाही, आणि मला काढायची हिंमत झाली नाही.

पूर्ण बरी झाल्यावर, तीन आठवड्यांनी, मी पुन्हा अर्धापूरला गेले. मांडव नाही, पाहुणे नाहीत, घरच्या चौघी जणी फक्त. साबणाने हात धुतले, मास्क लावला आणि कानात नाव सांगितलं... शिवांश. पाठीत गुद्दे मात्र तिप्पट पडले, सगळ्यात जोरात आईचा.

दुपारी बाळ निजल्यावर शीतलला विचारलं, मी रागाने कायमचं येणं सोडलं असतं तर गं?

ती लंगोट घडी घालत होती. मान वर न करताच म्हणाली, "तुम्ही रुसल्या असत्या तं लातूरला येऊन तुमचे पाय धरले असते, ताई. ह्याला काही झालं असतं तं कुणाचे पाय धरायचे होते मी?"

मी तिच्या शेजारी बसून लंगोटांच्या घड्या घालत राहिले.

शीतल, तू हे वाचशीलच. चारचौघांत मला अडवलंस, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते... म्हणून इथे, चारचौघांतच मानतेय.